सिंहगड पायी चढताना

प्रश्न : पुण्याहून सिंहगड पहिल्यांदाच पायी चढायचा आहे. किती वेळ धरावा?

उत्तर : स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची बस घ्या, आतकरवाडीत उतरा. वाट अडीच-तीन किलोमीटरच, पण चढ सुमारे ६०० मीटर. नवख्यांनी दोन तास धरावेत. माणशी दोन लिटर पाणी हवंच. उन्हाळ्यात सहालाच निघा, पुढे सावली विरळ. घसरणं बहुतेक उतरताना होतं : घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांवर) गुळगुळीत तळव्याचे बूट टिकत नाहीत. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. पुणे दरवाज्यातून शिरल्यावर लगेच पिठलं-भाकरीला बसू नका (मोह होतोच!), आधी तानाजी मालुसरे व राजाराम महाराजांच्या समाध्या, कल्याण दरवाजा पाहा. गुडघे कुरकुरले, तर उतरायला सरळ जीप धरा.