आधी फेडर, मग टर्नटेबल

स्क्रॅचिंगच्या, म्हणजे फिरती रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढून आवाज काढायच्या सामानाबद्दल या वेळी इतके प्रश्न आलेत की अख्खा स्तंभ त्यांनाच दिलाय. बहुतेकांनी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, आधी पसंत केलंय आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मिक्सर घ्यायचं ठरवलंय. माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

प्रश्न (पुणे): मी लॅपटॉपवर बीट बनवतो. त्यावर खरा स्क्रॅच हवाय, तयार आवाजांच्या सॅम्पल पॅकमधला नको. पण दोन टर्नटेबल आणि मिक्सर घ्यायचा म्हटलं तर बजेट पार कोलमडतं.

दोन कशाला? जोडीची गरज पडली ती १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कला. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायच्या आणि नुसत्या ड्रमचा तुकडा एकीवर संपला की दुसरीवर सुरू करायचा, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत. हे काम तुमचा लॅपटॉप न थकता करतो. तुम्हाला हवाय तो त्यावर बोलणारा एक हात, आणि त्याला एक टर्नटेबल पुरतं. दोन मध्यम टर्नटेबलांच्या पैशांत एक चांगलं टर्नटेबल आणि धड फेडरचा (फेडर म्हणजे आवाज उघडबंद करणारी सरकती दांडी) छोटा दोन चॅनेलचा मिक्सर बसवा.

सरावाची जोडणी सोपी आहे. टर्नटेबल मिक्सरच्या एका चॅनेलला ‘फोनो’वर (टर्नटेबलसाठीचं इनपुट), लॅपटॉपचा बीट दुसऱ्या चॅनेलला ‘लाइन’वर. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर मिक्सरच्या मागच्या स्क्रूला बांधायला विसरू नका, नाहीतर फ्रीज गुणगुणल्यासारखा आवाज सतत मागे राहतो.

रेकॉर्डिंगला मात्र बीट मिक्सरमधून नेऊ नका. तो ऑडिओ इंटरफेसच्या (लॅपटॉपमध्ये आवाज नेणाऱ्या-आणणाऱ्या डबीच्या) हेडफोनमध्ये ऐका आणि मिक्सरमधून फक्त स्क्रॅच आत घ्या. दोन्ही एका ट्रॅकवर गेले की खारट झालेल्या आमटीसारखं होतं, मीठ परत काढता येत नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला एक बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांचा उशीर. मग दहा मिनिटं सलग खाजवा आणि त्यातल्या चांगल्या चार मात्रा उचला. मीही तेच करतो, आणि कबूल करायला लाजत नाही.

प्रश्न (सातारा): मुलगा सतरा वर्षांचा आहे. घरात सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर चालू स्थितीत आहे, पण त्यावर स्क्रॅच होत नाही म्हणून नवा घेऊन द्या म्हणतो. दिवसभर तेच खर्र-खर्र ऐकायचं आणि वर पैसेही द्यायचे?

ताई, मुलगा खरं बोलतोय. घरगुती जुन्या प्लेअरमध्ये मोटर रबरी चाकाने किंवा पट्ट्याने थाळी फिरवते. तबकडी हाताने धरली की थाळीही रेंगाळते, आणि हात सोडल्यावर गाणं दारू प्यायल्यासारखं वेग पकडतं. सुईचा भारही बहुधा जास्त असतो. चार दिवसांत सासऱ्यांच्या रेकॉर्डींची वाट लागेल. तो प्लेअर नाट्यगीतांसाठीच राहू द्या.

स्क्रॅचला डायरेक्ट ड्राइव्ह लागतो, म्हणजे थाळी थेट मोटरच्या आसावर. टेक्निक्सने एसएल-१२०० हे मॉडेल १९७२ मध्ये काढलं आणि त्याच्या पुढच्या एमके-२ ने डीजेंची पिढी घडवली. त्याचा सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे थाळी फिरवायचा जोर, १.५ किलो-सेंटिमीटर. पायोनियरच्या पीएलएक्स-१००० चा ४.५ च्या घरात आहे. आकडा मोठा म्हणजे हात सोडल्यासोडल्या सूर जागेवर. पण १.५ वर लोकांनी स्पर्धा जिंकल्यात, तेव्हा आकड्याच्या मागे लागून कर्ज काढू नका. दुकानात मुलाला एवढंच करायला सांगा: थाळी फिरत असताना स्लिपमॅटवरची (थाळीवरच्या घसरत्या कापडी गोलावरची) तबकडी दोन बोटांनी अलगद धरायची. खाली थाळी त्याच वेगाने फिरत राहिली तर यंत्र कामाचं.

आणि खर्र-खर्रबद्दल. ब्रॉंक्समधला डीजे ग्रँड विझर्ड थिओडोर १९७५ च्या आसपास खोलीत मोठ्याने गाणी वाजवत होता. आई दारावर येऊन ओरडली, तिचं ऐकायला त्याने हाताने रेकॉर्ड धरली आणि ती मागेपुढे हलली. स्क्रॅचचा शोध असा लागल्याचं तो स्वतः सांगतो. तुमच्या ओरडण्यालाही परंपरा आहे. तरी हेडफोन घेऊन द्याच.

प्रश्न (ठाणे): मिक्सरमध्ये नक्की काय बघायचं? एकात इफेक्टची वीस बटणं आहेत, दुसऱ्यात काहीच नाही, आणि दुसराच महाग आहे.

महागाचे पैसे एका दांडीचे आहेत, क्रॉसफेडरच्या. स्क्रॅच म्हणजे अर्धा हात तबकडीवर आणि अर्धा फेडरवर. तबकडी आवाज काढते, फेडर त्याला शब्दांत तोडतो.

सगळ्यात आधी ‘कट-इन’ बघा. फेडर पूर्ण बंद टोकापासून किती सरकल्यावर आवाज उघडतो ते अंतर. चांगल्या स्क्रॅच मिक्सरवर ते नाण्याच्या जाडीएवढं, एक-दोन मिलिमीटर असतं. हे का महत्त्वाचं? ‘क्रॅब’ नावाची स्क्रॅचची चाल घ्या. अंगठा स्प्रिंगसारखा फेडरला बंद बाजूकडे दाबून धरतो आणि करंगळीपासून तर्जनीपर्यंत चार बोटं एकामागून एक फेडरवर टिचकी मारत जातात. तबकडी एकदाच पुढे जाते, ऐकू मात्र चार तुकडे येतात. कट-इन पाच मिलिमीटर असेल तर बोट तिथवर पोचायच्या आत पुढचं बोट येतं आणि चारांची एक लापशी होते. हात कितीही तयार असो, तुकडे पडत नाहीत.

मग कर्व्ह. तो तीक्ष्ण करायची सोय हवी, म्हणजे आवाज हळूहळू न वाढता दिव्याच्या बटणासारखा लागतो. तिसरी गोष्ट फेडरची दिशा उलटवणारा रिव्हर्स स्विच, ज्याला ‘हॅम्स्टर’ म्हणतात. उंदराशी त्याचा संबंध नाही. बुलेटप्रूफ स्क्रॅच हॅम्स्टर्स नावाची अमेरिकी डीजेंची टोळी उलट्या फेडरवर वाजवायची, त्यावरून. आज उलटा नको वाटला तरी सहा महिन्यांनी लागेल.

साधा फेडर कार्बनच्या पट्टीवर घासत चालतो, म्हणून धूळ बसली की खरखरतो. न घासणारे फेडर आता बरेच आहेत. पायोनियरच्या डीजेएम-एस९ मध्ये २०१५ सालापासून तसा आहे, आणि इनोफेडर हा सुटा फेडर काही जुन्या मिक्सरमध्येही बसतो. मिक्सर घेण्याआधी फेडर बदलता येतो का, एवढं विचाराच.

एक अनुभव सांगतो. खरखरणाऱ्या फेडरमध्ये मी एकदा, ‘सगळ्या कॉन्टॅक्टला चालतो’ असं दुकानदाराने सांगितलेला स्प्रे मारला. खरखर गेली, पण आतलं ग्रीसही धुऊन निघालं. फेडर पावसाळ्यातल्या सागवानी खिडकीसारखा अडकत चालायला लागला आणि शेवटी बदलावा लागला. फेडरचा स्प्रे वेगळा मिळतो, तोच वापरा, आणि थेंबभरच.

प्रश्न (कोल्हापूर): सुई सारखी उडते. मित्राच्या सांगण्यावरून हेडशेलवर (सुई बसते त्या टोकावर) दोन रुपयांचं नाणं चिकटवलंय, तरी उडतेच.

ते नाणं आधी काढा. दोन रुपयांचं नाणं चार-पाच ग्रॅमचं असतं. कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या डबीचा) मूळ भार तीन धरला तर तुम्ही सात-आठ ग्रॅमचा नांगर चालवताय. भार कंपनी सांगेल तितकाच, हवं तर वरच्या मर्यादेपर्यंत. शुअर एम४४-७ या कार्ट्रिजला कमाल ३ ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या कॉंकॉर्ड स्क्रॅचला कंपनीची शिफारस ४ ची. एम४४-७ चं उत्पादन २०१८ मध्ये बंद झालं, पण त्याला बसणारी जिको कंपनीची जपानी सुई मिळते. कुठलीही घ्या, टोक गोल हवं. लंबगोल टोक गाणं ऐकायला छान, पण मागेपुढे ओढलं की खाचेला खातं.

पुढचे उपाय जवळपास फुकट आहेत. अँटिस्केट (सुईची आतल्या बाजूची ओढ तोलणारं बटण) शून्यावर आणा. तबकडीचं भोक ढिलं असेल तर मधल्या खुंटीला चिकटपट्टीचा एक वेढा द्या, कारण तबकडी डुगडुगली की सुई उडणारच. जाड स्लिपमॅटखाली रेकॉर्डच्या आतल्या प्लास्टिक पिशवीचा गोल कापून ठेवा. हात निम्म्या जोरात चालतो. आणि तबकडी खाली दाबू नका, सरकवा. नव्वद टक्के उड्या मनगटातून येतात, असा माझा अंदाज.

इतकं करूनही उडाली तर ‘स्किपलेस’ रेकॉर्ड घ्या. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची. या रेकॉर्डींत तोच आवाज दर १.८ सेकंदांनी पुन्हा कोरलेला असतो, त्यामुळे सुई शेजारच्या खाचेत पडली तरी त्याच अक्षरावर पडते. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): भाच्यासाठी इथून सेकंडहँड टेक्निक्स एमके-२ घेऊन येतेय. भारतात चालेल ना?

चालेल, पण थेट प्लगला लावायचं नाही. तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. अमेरिकी बाजारातल्या एमके-२ वर सहसा व्होल्टेज बदलायचं बटण नसतं. वीज तो पंधरा वॅटच्या आतच खातो, तेव्हा छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी सोडा. वेग क्वार्ट्झ ठरवतो, भिंतीतला करंट नाही.

घेताना टोनआर्म (सुईची दांडी) हेडशेलपाशी चिमटीत धरून किंचित हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलंय, तो सौदा सोडा. पिच (वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी) शून्यावर आणून थाळीच्या कडेचे मोठे ठिपके स्थिर दिसतात का तेही बघा.

वजन साडेबारा किलोच्या आसपास, म्हणजे एका बॅगेचा निम्म्याहून जास्त कोटा गेला. थाळी काढून वेगळी गुंडाळा. जागेवर राहू दिली तर प्रत्येक आदळण्याला मधल्या आसावर घण बसतो. काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) आणि हेडशेल काढून हातातल्या पिशवीत ठेवा, आर्म त्याच्या खाचेत बांधा.

प्रश्न (नाशिक): रेकॉर्डी महाग आहेत. सॉफ्टवेअरवर भागेल का?

भागेल, आणि बीट बनवणाऱ्याला तेच सोयीचं. कंट्रोल रेकॉर्डवर गाण्याऐवजी एक शिट्टीसारखा स्वर कोरलेला असतो. सुई तो वाचते, सॉफ्टवेअर त्यावरून वेग, दिशा आणि जागा ओळखतं आणि तुमची फाइल त्याप्रमाणे हलवतं. सेराटो आणि रेन या कंपन्यांनी २००४ मध्ये ‘स्क्रॅच लाइव्ह’ आणलं तेव्हापासून हे घरोघरी पोचलं. पैसे नसतील तर ‘मिक्स’ हे शेवटी तीन एक्स असलेलं मोफत सॉफ्टवेअरही कंट्रोल रेकॉर्ड वाचतं. फोनो इनपुट असलेला इंटरफेस मात्र लागेल. न फिरणाऱ्या चाकाचा स्वस्त कंट्रोलर (सॉफ्टवेअर चालवायचं बटणांचं यंत्र) फेडरच्या सरावाला ठीक. तबकडीचा हात त्यावर तयार होत नाही.

प्रश्न (मुंबई): सगळे तेच ‘आऽऽ’ आणि ‘फ्रेश’ वापरतात. मराठी रॅपखाली ते उपरं वाटतं. दुसरं काय वापरू?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तो ‘आऽऽ’ आणि ‘फ्रेश’ १९८२ च्या ‘चेंज द बीट’ या रेकॉर्डच्या शेवटाकडून येतात. ते टिकले कारण त्या यांत्रिक आवाजात भरपूर सळसळ आहे. तबकडी हळू ओढली तरी आवाज दबत नाही आणि जोरात ढकलली तरी चिरकत नाही. आपल्याला तसलीच अक्षरं शोधायची आहेत. ‘माझं’ किंवा ‘आई’ निरुपयोगी, सुरुवात मऊ. ‘हट्’ तोकडा. ‘छ्या’ मात्र सोनं आहे: आधी ‘छ’ची हवा, मग लांबवता येणारा ‘आ’, आणि वर तुच्छता फुकट. ‘फुस्स’ही चांगला.

जुन्या रेकॉर्डींतून उचलणार असाल तर कायदा लक्षात ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, आणि गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी तबकडी मोकळी झाली तरी त्यातली चाल झालेली नसते. त्यापेक्षा घरातल्या एखाद्या खमक्या आत्याला माइकसमोर बसवा आणि दहा वेळा ‘छ्या!’ म्हणायला लावा. जवळून, पंखा बंद करून. आधीची शांतता अगदी ‘छ’ला टेकेपर्यंत कापा, फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि कंट्रोल रेकॉर्डवर त्या जागी, घड्याळातल्या बाराच्या दिशेने, एक पांढरी पट्टी चिकटवा. पट्टी बारावर आली की आत्या तयार.