वाचकांचे प्रश्न: मशीन विकून टाकू की स्वतःच बनवू?

प्रश्न: आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. कांद्याची पात कापायचं छोटं मशीन बनवलंय, अर्ध्या एचपीच्या मोटरवर चालतं. दोन शेतकऱ्यांना नुसतं वापरून बघायला दिलं तर ते परत द्यायला तयार नाहीत. आता अवजारांची एक कंपनी म्हणते एकरकमी पैसे घ्या आणि ड्रॉइंग द्या. बायको म्हणते घ्या, भाऊ म्हणतो कर्ज काढून आपणच बनवू, आणि मित्र म्हणतो आधी यूट्यूबवर टाक. काय करावं?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: सगळ्यात आधी त्या मित्राला आवरा. पेटंटचा (म्हणजे ठराविक वर्षं हे मशीन दुसऱ्या कुणी तुमच्या परवानगीशिवाय बनवू-विकू नये याचा हक्क) अर्ज करायच्या आधी व्हिडिओ गेला की मशीन कायद्याच्या नजरेत 'नवीन' राहत नाही, आणि पेटंट नव्यालाच मिळतं; व्हिडिओ तुमचाच असला तरी तो तुमच्याच विरोधात जातो, हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही. शेतात ट्रायलला दिलंय त्याला कायद्यात वर्षभराची सवलत आहे, पण ती फक्त ट्रायलपुरती, पैसे घेऊन विकायला लागलात की ती राहत नाही.

म्हणून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडून ठेवणारा प्राथमिक अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी 1,600 रुपये आहे (अर्ज करून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी, आणि खरा खर्च तोच), मग पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. अर्जाची तारीख हातात आल्याशिवाय कंपनीला ड्रॉइंग दाखवू नका, मग ते कितीही गोड बोलोत.

पण पेटंट मिळालं म्हणजे निवांत झालो असं समजू नका. अर्जापासून 20 वर्षं हक्क मिळतो खरा, पण शेजारच्या गावातल्या वेल्डरने तुमचं मशीन बघून बनवलं तर त्याच्यामागे कोर्टात पळणार का? मशीनच्या नफ्यापेक्षा वकील महाग पडेल. पेटंटचा खरा उपयोग त्या कंपनीशी बोलताना.

भावाचं कर्ज सध्या नको. दहा मशीन बनवणं आणि पाचशे बनवणं हे दोन वेगळे धंदे आहेत, डीलर उधारी ठेवतो आणि शेतकऱ्याचा पहिला प्रश्न "अनुदानात बसतं का?", त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्राचा टेस्ट रिपोर्ट लागतो. अर्ज झाला की उन्हाळ कांद्याच्या काढणीआधी थोडीच मशीन ॲडव्हान्स घेऊन विका. लोक खरंच किती देतात आणि ब्लेड किती दिवस टिकतं ते कळेल. मला विचाराल तर पुढची खरी कमाई ब्लेडमध्येच आहे.

मग कंपनीशी लायसन्सवर बोला, म्हणजे मालकी तुमची, बनवायची परवानगी त्यांना. दर मशीनमागे रॉयल्टी, आणि विकलं नाही तरी वर्षाला अमुक रक्कम द्यायचीच ही अट घालाच, नाहीतर त्यांचं जुनं मशीन चालावं म्हणून तुमचं कपाटात पडून राहील. एकट्या त्यांनाच हक्क हवा असेल तर ठराविक वर्षांसाठी, आणि ब्लेड विकायचा हक्क स्वतःकडे ठेवा. तोंडी काही चालत नाही, करार लेखी लागतो आणि पेटंट ऑफिसात नोंदवावा लागतो. ब्रिटनच्या जेम्स डायसननेही व्हॅक्युम क्लीनर आधी जपानी कंपनीला लायसन्सवर दिला होता, स्वतःच्या नावाचा 1993 मध्ये आणला.

वहिनीही अगदी चुकीचं बोलत नाहीत हां. दुकान सोडून डीलरांच्या मागे फिरायची तुमची तयारीच नसेल तर विकून मोकळं होणं बरं. फक्त तसं असेल तर पहिला आकडा त्यांना बोलू द्या, आणि सही करायच्या आधी आपल्या खर्चाने एखाद्या पेटंट एजंटला कागद दाखवा, कंपनीने सुचवलेल्या नाही.