जुलैतली श्रीलंका : पाऊस कुठे, ऊन कुठे?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको जुलैत आठ दिवस श्रीलंकेला जाणार आहोत. पावसात सहल वाया जाईल का?

उत्तर : नाही, फक्त किनारा बदला. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे नैऋत्य किनाऱ्यावरच्या गॉल-बेंतोटाच्या बाजूला झोडपतात, समुद्रही खवळलेला असतो. मधले डोंगर ढग अडवतात, म्हणून त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावरची त्रिंकोमाली बरीचशी कोरडी आणि पोहण्याजोगी. चार दिवस सिगिरिया (कातळावरचा प्राचीन किल्ला) आणि पोलोन्नरुवा (जुन्या राजधानीचे अवशेष), दोन त्रिंकोमाली, उरलेले डोंगरातल्या कँडीला द्या. तिथे मात्र छत्री लागेलच.

सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. दार उघडताच चढायला लागा, दहानंतर खडक तापतो. माणशी दीड लिटर पाणी, शिवाय ओआरएसची पुडी. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा नको.

पोलोन्नरुवाच्या मंदिरांत चपला काढाव्या लागतात आणि दुपारी दगड पाय भाजतो, तेव्हा जाड मोजे न्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजतात, त्यामुळे जोडीच्या सेल्फीचा मोह आवरा.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर नेला की काचेवर वाफ धरते. निघण्याआधी अर्धा तास तो बंद पिशवीतच गॅलरीत ठेवा.