भावाने अपहार केल्याचे कळल्यावर पोलिसांत जावे का?

तुम्ही विचारले आहे की, धाकट्या भावाने नोकरीच्या ठिकाणी पैशांचा अपहार केल्याचे तुम्हाला समजले आहे, घरातील बाकी सर्वांना तुम्ही गप्प राहावे असे वाटते, तेव्हा पोलिसांत जावे का आणि गेल्यास तुमचे नाव गुप्त राहील का. मी वकील नाही. थोरल्या भावाविरुद्धच्या तक्रारीत साक्षीदार म्हणून उभी राहिलेली बहीण आहे, आणि नऊ वर्षांनंतरही आमच्याकडे तो विषय निघाला की कोणीतरी उठून आत जाते, म्हणून हे लिहीत आहे.

माझा भाऊ आमच्या ओळखीच्या, एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे बँकेचे व्यवहार पाहत असे. त्यांना दिसत कमी असल्यामुळे पासबुकातील नोंदी तोच वाचून दाखवी आणि ज्या दाखवायच्या नसत त्या गाळी. एकदा एक पत्ता उतरवून घेण्यासाठी मी त्याच्या टेबलावरची वही उघडली, तर मागच्या सात पानांवर त्या बाईंची सही गिरवलेली होती. सुरुवातीच्या सह्या ओबडधोबड होत्या. शेवटच्या पानावरची सही मला तरी खऱ्या सहीपासून वेगळी ओळखता आली नसती, कारण त्यांच्या कापऱ्या हाताची थरथरसुद्धा त्याने उतरवली होती. पैसे किती गेले हे मला नंतर कळले, पण रात्री आठवते ती ही थरथर.

मी वही होती तिथे ठेवली आणि त्याच्याशी बोलले. या दोन्ही चुका होत्या, आणि तुम्ही त्यांतली दुसरी करण्याच्या बेतात आहात असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. तो रडला, तीन महिन्यांत पै न् पै परत करतो म्हणाला, आणि आईला हे सहन होणार नाही असेही म्हणाला, जे खरेच होते. मी तीन महिने दिले. तेवढ्या काळात वही नाहीशी झाली आणि ‘ही रक्कम मी राजीखुशीने उसनी दिली आहे’ अशा मजकुराच्या कागदावर बाईंची सही घेतली गेली. या वेळी सही खरी होती. कागद मात्र त्यांना त्यानेच वाचून दाखवला होता, आणि तो कशाचा म्हणून वाचला असेल हे सांगायला नको.

मुदत संपली तेव्हा मी बाईंकडे गेले, पासबुक पहिल्या पानापासून वाचून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले. तक्रार टिकली ती बँकेकडे असलेल्या मूळ धनादेशांमुळे. म्हाताऱ्या हाताचा खरा कंप आणि सावकाश काढलेला कंप यांत फरक असतो; नक्कल करणाऱ्याचे पेन नको तिथे थबकते किंवा उचलले जाते, आणि हस्ताक्षरतज्ज्ञ नेमके तेच पाहतात. भावाला शिक्षा झाली. बाईंचे निम्मे पैसेही परत आले नाहीत.

आमच्या ताईचे म्हणणे आजही असे आहे की, घरातली गोष्ट घरात मिटवायला हवी होती. तीन महिने घरात मिटवण्याचाच प्रयत्न चालला होता आणि त्याची किंमत एका परक्या बाईने मोजली, हे मी तिला कितीदा सांगितले असेल याचा हिशेब नाही. शिवाय मिटवणार कोण? ज्याचे नुकसान झाले तो माफ करू शकतो. त्याच्या वतीने आपण भावंडांनी उदार होणे हा निव्वळ आगाऊपणा आहे. कायद्याचीही दृष्टी बरीचशी हीच आहे: भारतात फसवणुकीच्या खटल्यात तडजोड करता येते, गंभीर प्रकारात न्यायालयाच्या परवानगीने, पण ती करण्याचा अधिकार फसवल्या गेलेल्या व्यक्तीला असतो, आरोपीच्या बहिणीला नाही.

नावाबद्दल सांगायचे, तर गुप्ततेच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात बाँब पाठवून तिघांचा जीव घेणाऱ्या टेड काझिन्स्कीला त्याच्या भावाने, डेव्हिडने, लेखनशैलीवरून ओळखले आणि तपासयंत्रणेला कळवले. नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन असूनही १९९६ साली अटकेच्या वेळीच ते फुटले. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमधील बराचसा भाग डेव्हिडने बळींच्या कुटुंबीयांना दिला, तरी टेडने त्याच्याशी मरेपर्यंत संबंध ठेवला नाही. माझ्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता, ती वही पाहणारी मी एकटीच होते.

गप्प राहिल्याने तुम्हीही गुन्हेगार ठरता का, हे देशावर आणि गुन्ह्यावर अवलंबून आहे. जर्मनीत जवळच्या नातलगाला शिक्षेपासून वाचवू पाहणाऱ्याला शिक्षा होत नाही. भारतात गुन्हेगाराला आसरा देण्याच्या गुन्ह्यातून सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला. पुरावा नष्ट करणे किंवा ते पैसे स्वतःकडे ठेवून घेणे मात्र अंगाशी येऊ शकते, तेव्हा भावाने काही ‘सांभाळायला’ दिले असेल तर आधी वकिलाकडे जा.

हे सर्व मी पैशांच्या गुन्ह्याबद्दल लिहिले, हे आधीच सांगायला हवे होते. घरात मारहाण होत असेल तर विचार करत बसू नये, आधी सुरक्षित जागी जावे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर निवड उरतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असूनही ती न कळवणे हाच गुन्हा आहे. आणि नुसता संशय असेल, तर तो खात्रीच्या भाषेत कोणाकडेही बोलू नका; मी स्वतः ती सात पाने पाहिली नसती तर कदाचित आजही ताईच्याच बाजूने बोलत असते.

तुमच्या प्रश्नात भाऊ आहे, आई-वडील आहेत, त्याचे ठरलेले लग्न आहे. पैसे कोणाचे होते आणि त्यांना हे कळले आहे का, याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. ते लिहिलेत तर याहून नेमके सांगता येईल.