सप्टेंबरमध्ये आठवडाभर चेक प्रजासत्ताकात जायचं आहे. फक्त प्राग करावं की आणखी काही?

प्रागला चार रात्री ठेवा, दोन चेस्की क्रुमलोव्ह या छोट्या जुन्या गावात. प्रागहून तिथे बसने साधारण तीन तास लागतात. बहुतेक जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात, त्यामुळे खरं गाव रात्री मुक्काम केला तरच दिसतं. कुटना होरा हे दुसरं जुनं गाव मात्र प्रागहून रेल्वेने एका दिवसात होतं. प्रागमधला चार्ल्स पूल पहाटे गाठा, दुपारी नुसती रेटारेटी असते.

देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असला तरी चलन कोरुना आहे, युरो नाही. पैसे बदलायला रस्त्यावर कुणी ‘चांगला भाव देतो’ म्हणालं तर सरळ पुढे चालू लागा. मेट्रोत कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारायलाच हवा, नाहीतर दंड. शाकाहारी असाल तर ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, जवळपास कुठेही मिळतं. रोज खाववत नाही, ते सोडा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तिकिटांआधी अपॉइंटमेंटचं बघा.