बर्टविसल की बर्टव्हिसल: ‘एच’ आला म्हणून घराणं बदलत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सासरचं आडनाव बर्टव्हिसल (Birtwhistle), घर यॉर्कशरमधल्या लीड्सला. सासऱ्यांच्या पणजोबांचा जन्म लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नचा, पण त्यांच्या जन्मदाखल्यात डब्ल्यूच्या पुढचा एच नाही (Birtwistle). त्याआधीची नोंद मागितली तर ‘या नावाची नोंद आढळली नाही’ असं पत्र हातात आलं. म्हणून आता तुम्ही एचवाल्यांचं यॉर्कशरमधलं वेगळं घराणं शोधायला निघाला आहात. कृपा करून थांबा. माझंही शोधकाम याच ठिकाणी फार काळ अडून पडलं होतं.

आधीच सांगते, मी व्यावसायिक वंशावळकार नाही आणि तुमचे मूळ कागद मी पाहिलेले नाहीत. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी, त्याआधी चर्चची दफ्तरं आणि दर दहा वर्षांनी जनगणना, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते.

हे आडनाव गावावरून पडलेलं आहे. पूर्व लँकेशरमध्ये बर्नलीजवळ पॅडिहम आणि हॅप्टनच्या परिसरात बर्टविसल नावाची वस्ती होती. आज ती नकाशावर नाही, आडनाव तेवढं उरलं. आपल्याकडे सासवडचा माणूस दुसरीकडे गेला की सासवडकर होतो, तसंच हे. सुरुवातीला नावाआधी ‘दे’ लागायचं, म्हणजे ‘अमक्या गावचा’, आणि पुढे ते गळलं. शेवटचा भाग जुन्या इंग्रजीतल्या ‘ट्विस्ला’चा आहे: दोन ओढे किंवा नद्या एकत्र येतात तिथली बेचक्यातली जमीन. त्याच भागातल्या ऑस्वाल्डट्विसल आणि एंटविसलमध्येही तोच शब्द आहे. पहिला भाग बहुधा ‘ब्रिड’, म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. तुम्हाला एका साइटने सांगितलेला शिट्टी वाजवणारा नॉर्स पूर्वज विसरून जा. उच्चारात एसनंतरचा टी कधीच गळाला होता. कानावर ‘विसल’ पडलं की कारकुनाच्या हातून शिट्टीच्या ‘whistle’ या शब्दाचं स्पेलिंग उतरायचं, आणि एच तिथूनच आला. नॉर्थम्बरलँडमधल्या हॉल्टविसल या गावाच्या स्पेलिंगमध्येही हाच एच शिरला आहे, आणि तिथेही मूळ ट्विस्लाच आहे.

आता एचवाल्यांची गोष्ट. यॉर्कशरच्या क्रेव्हन भागात, स्किप्टनला, अठराव्या शतकात जॉन बर्टव्हिसल नावाचा गुरांचा मोठा व्यापारी होता. स्कॉटलंडमधून गुरांचे तांडे खाली हाकत आणायचे, मॅलमजवळच्या ग्रेट क्लोज या कुरणावर चारायचे आणि विकायचे, असा त्याचा धंदा. १७८६ सालच्या एका वर्णनात त्या एका कुरणावर एकाच वेळी ५,००० गुरं दिसत असल्याचं म्हटलं आहे. याच घराण्याने १७८० च्या दशकात स्कॉटलंडच्या नैऋत्येला गेटहाउस ऑफ फ्लीट इथे सूतगिरणी काढली. म्हणून गेटहाउसच्या कर्कुब्रीशर परगण्यात (काउंटीत) हे आडनाव दिसलं की लोक ‘मूळचं स्कॉटिश’ असं ठोकून देतात. तिथे ते गुरांच्या आणि कापसाच्या वाटेने गेलं. पॅडिहमपासून स्किप्टन सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर. मधे परगण्याची हद्द आहे, माणसं मात्र रोज ये-जा करत होती. तेव्हा एचवाली मंडळी यॉर्कशरकडे उठून दिसतात हे खरं असलं, तरी त्यावरून त्यांचं मूळ वेगळं ठरत नाही.

नकाशांबद्दल माझं मत जरा कडक आहे. आजच्या मतदारयादीवरून काढलेला आडनावांचा नकाशा मूळ शोधायला कामाचा नाही, त्यात मँचेस्टर आणि लंडन नुसती फुगून दिसतात. १८८१ च्या जनगणनेवरचा नकाशा घ्या, कारण ती सबंध जनगणना नावानिशी उतरवून झालेली आहे. आणि एकूण डोकी मोजू नका, दर लाख लोकसंख्येमागे किती ते पाहा. तसं पाहिलं की बर्नली, ब्लॅकबर्न, ॲक्रिंग्टन, डार्वेन हा पट्टा गडद होतो आणि बाकी इंग्लंड जवळपास कोरं राहतं. संगीतकार हॅरिसन बर्टविसल १९३४ साली ॲक्रिंग्टनलाच जन्मले. वस्त्यांतून या गावांकडे लोक ओढले गेले ते कापडगिरण्यांमुळे. जनगणनेत घरच्या घरं विणकर दिसतील. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जायची, आणि १९३१ साली गांधीजी डार्वेनला गेले ते याच धंद्यातल्या बेकारांना भेटायला. गिरण्या बसल्यावर, आणि त्याआधीही, पुष्कळ लँकेशरकर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हर, न्यू बेडफर्डसारख्या कापडगावांत गेले. त्यामुळे तिकडे हे आडनाव भेटलं तर नवल नाही.

आता त्या पत्राकडे येते. माझा सर्वांत जास्त वेळ आणि पैसा गेला तो अशाच एका कचेरीच्या पत्रापायी. कचेरीचं नाव घेत नाही. शोधाची फी आगाऊ, परत मिळणार नाही अशी अट, आणि उत्तर म्हणून छापील नमुना: दिलेल्या कालावधीत दिलेल्या नावाची नोंद आढळली नाही. त्यांनी काय तपासलं याचा पत्रात उल्लेखच नव्हता. पाठपुरावा केल्यावर कळलं की त्यांनी एकाच चर्चच्या टंकलिखित सूचीत एकच स्पेलिंग पाहिलं होतं. मूळ दफ्तर उघडलं नव्हतं, पोटचर्चं, म्हणजे मुख्य चर्चच्या हाताखालची छोटी चर्चं, पाहिली नव्हती, दफ्तराची बिशपकडे गेलेली प्रत पाहिली नव्हती. नोंद तर होतीच, पोटचर्चमध्ये, ‘बर्टविस्ल’ या एसनंतरचा टी नसलेल्या रूपात. सूचीत नाही म्हणजे नोंदच नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणं मला आजही बेजबाबदारपणाचं वाटतं. अशा पत्रामुळे माणूस खरी वाट सोडून देतो, तुम्ही आत्ता सोडायला निघालात तशी. फी घेणाऱ्याने किमान काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही हे लिहावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

म्हणून पुन्हा पत्र पाठवाल तेव्हा मोघम विचारू नका. चर्चचं आणि पोटचर्चचं नाव, सालं (फार तर दहा वर्षांचा पट्टा), कोणती नोंद हवी (बाप्तिस्मा, लग्न की दफन), कोणकोणती स्पेलिंगं पाहायची त्यांची यादी, आणि मूळ दफ्तर व बिशपची प्रत दोन्ही पाहाल का, हे सगळं लिहा. शेवटी ‘काय तपासलं ते उत्तरात नमूद करावं’ हे वाक्य घाला. त्याने उत्तराचा दर्जा बदलतो.

हा भाग इतका अवघड का, तेही सांगते. व्हॉली (Whalley) हा जुना पॅरिश, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हाताखालचा इलाखा, अवाढव्य होता. पॅडिहम, बर्नली, कोल्न, हॅसलिंग्डन, क्लिदरो, ॲक्रिंग्टन ही सगळी त्याच्या पोटातली चर्चं. कोणी ‘व्हॉली पाहिलं’ म्हणालं तर फक्त व्हॉलीचं मुख्य चर्च पाहिलं असण्याचीच शक्यता जास्त. तुम्हाला पॅडिहमचं सेंट लेनर्ड्स आधी बघायचं आहे. दफ्तरं ठेवायचा हुकूम १५३८ चा. दरवर्षी बिशपकडे प्रत पाठवायची सक्ती १५९८ पासूनची. या प्रती सलग नाहीत, सतराव्या शतकात मधली बरीच वर्षं गायब असतात. पण एकाच बाप्तिस्म्याचं स्पेलिंग दफ्तरात एक आणि प्रतीत दुसरं असं सर्रास सापडतं, आणि एचचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. ही सामग्री प्रेस्टनच्या लँकेशर अभिलेखागारात आहे. तिकडे जाण्याआधी लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स ही स्वयंसेवकांची मोफत साइट चाळा, बरंच काम घरबसल्या होतं. एक सावधगिरी: १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १७०१ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७०२. लग्न आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा उलट्या क्रमाने दिसले तर आधी हे तपासा.

ऑनलाइन शोधताना ‘सारख्या उच्चाराची नावं’ या सोयीवर विसंबू नका. नावाला उच्चारावरून एक अक्षर आणि तीन आकड्यांचा कोड देणाऱ्या साउंडेक्स पद्धतीत बर्टविसल आणि बर्टव्हिसल दोन्ही बी-६३२ मध्ये पडतात, इथवर ठीक. पण ब्रिजेस हे सर्रास आढळणारं आडनावही त्याच कोडात पडतं, त्यामुळे यादी ब्रिजेसांनीच भरून जाते. उलट मधला आर गळून ‘बिटविसल’ झालं की कोड बी-३२३ होतो आणि नोंद हातची जाते. जुन्या हस्ताक्षरात टी आणि सी जुळ्यासारखे दिसतात. पहिल्या टीच्या जागी सी वाचला गेला की बी-६२२. जुन्या लिखाणातला लांब एस (ſ) एफसारखा वाचला की बी-६३१. म्हणून कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारं तारांकन (*) वापरा: बी, तारांकन, डब्ल्यू, तारांकन, एस, तारांकन, एल, तारांकन. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हे चालतं. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या सूचीत तारांकन चालत नाही. तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं टाकायचं, लिंग निवडायचं आणि सालाला दोन वर्षांची मागेपुढे सूट द्यायची.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर याच सूचीत मिळेल, कारण तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनावही शोधता येतं. ब्लॅकबर्न जिल्हा, पणजोबांच्या जन्माच्या मागचीपुढची पंधरा वर्षं, आणि त्यांच्या आईचं माहेरचं नाव टाका. एकदा एचसह, एकदा एचविना. एकाच आईची भावंडं दोन्ही यादींत निघाली आणि जनगणनेत ती एकाच घरात सापडली, की वेगळ्या घराण्याचा विषय संपला. मग आईवडिलांच्या लग्नाचा दाखला मागवा आणि सहीची जागा पाहा. सहीऐवजी फुली असेल तर स्पेलिंग नवरदेवाचं नाहीच, लिहून घेणाऱ्याचं आहे. इंग्लंडमध्ये शाळा सक्तीची झाली १८८० साली. त्याआधीच्या गिरणी कामगाराच्या स्पेलिंगवर घराणी तोडू नयेत असं माझं ठाम मत आहे.

ॲक्रिंग्टनमध्ये जन्मलेल्यांची नोंदणी हॅसलिंग्डन जिल्ह्यात व्हायची. सूचीत हॅसलिंग्डन दिसलं म्हणून ‘हा आपला नव्हे’ असं म्हणून सोडू नका. १८४१ च्या जनगणनेत प्रौढांची वयं साधारण पाचच्या पटीत खाली आणलेली असतात आणि जन्मगाव नसतं, फक्त याच परगण्यातला की नाही एवढंच. गाव कळतं ते १८५१ पासून. म्हणून १८५१ ला हयात असलेला सर्वांत म्हातारा बर्टविसल शोधून काढा, मग तो थेट पूर्वज नसला, चुलता असला तरी चालेल.

मृत्युपत्रं १८५८ पूर्वीची असतील तर हद्द मात्र फार महत्त्वाची. पॅडिहमकडचा माणूस चेस्टर बिशपच्या कक्षेत, त्याची मृत्युपत्रं आता प्रेस्टनला. स्किप्टनचा यॉर्कच्या कक्षेत, ती यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत. दोन्हीकडे मालमत्ता असणारा आर्चबिशपच्या वरच्या न्यायालयात, आणि ते कागदही बोर्थविकलाच. गुरांचे व्यापारी नेमके असेच दोन्हीकडे पाय असणारे लोक. १७०० च्या मागे जायचं असेल तर क्लिदरो जहागिरीच्या न्यायसभांची बाडं आहेत. जमीन बापाकडून मुलाकडे जाताना तिथे दोघांचीही नावं येतात. सुरुवातीची लॅटिनमध्ये आहेत, पण काही भाग छापून झालेला आहे.

डीएनएबद्दल विचारलंत. वाय गुणसूत्राची चाचणी आडनाव चालवणाऱ्या पुरुषानेच करायची, आणि ३७ मार्करपेक्षा (गुणसूत्रावर तपासायच्या जागांपेक्षा) कमीची घेऊ नका. एक एचवाला आणि एक एचविना असे दोघं तयार झाले तरच खर्चाला अर्थ आहे. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाची तपासणी केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास पुरुषांचं गुणसूत्र जुळलं. आडनाव जितकं दुर्मीळ तितकी जुळण्याची शक्यता जास्त, हे पुढे लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासातही दिसलं. पण जुळलं नाही तर लगेच वेगळं घराणं म्हणू नका. दत्तक, विवाहबाह्य जन्म, आईचं आडनाव लावणं, यातलं काहीही असू शकतं. अशी गोष्ट घरात कळली तर चालेल का, हे सासऱ्यांना चाचणीआधी विचारा.

आणि ते ‘बर्टव्हिसल घराण्याचं मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) फ्रेम करून विकणारे. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या थेट वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स हेच सांगेल. सासऱ्यांच्या वाढदिवसाला द्यायचंच असेल तर १८८१ च्या जनगणनेचं त्यांच्या कुटुंबाचं पान छापून द्या.

जाता जाता, सासूबाई म्हणतात तसं कोणी पूर्वज खरंच मुंबई इलाख्यात नोकरीला असेल, तर मुंबईत किंवा पुण्यात धावाधाव करण्याआधी ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दफ्तरं पाहा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एन-३ या मालिकेत आहेत. एन-१ बंगालची, एन-२ मद्रासची. तिथेही स्पेलिंगची तीच सगळी यादी लावावी लागेल.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा लग्नाच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव नको, फक्त त्यांचा धंदा, सही आहे की फुली, आणि १८५१ मधलं जन्मगाव एवढं सांगा. जिवंत माणसांची नावं इथे टाकू नका. तेवढ्यावरून पॅडिहम आधी पाहायचं की स्किप्टन, हे सांगता येईल.