नवरात्रापर्यंत गरबा खेळता येईल ना?

बडोद्यात आषाढ लागला की नुकत्याच बाळंत झालेल्या मुलींकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारतात गरब्याबद्दल, पण मनात आणखी तीन-चार प्रश्न असतात. पोट आत कधी जाणार? व्यायामाने दूध आटेल का? टाके उसवतील का? आणि एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारतच नाही: खोकलं की कपडा ओला होतो, हे आता असंच राहणार का?

पुढची हकीकत कुणा एकीची नाही. अशा अनेकींच्या अडचणी एकत्र करून ती मांडली आहे.

ती आली तेव्हा बाळ सात आठवड्यांचं होतं. घर डांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिलंच बाळंतपण, साधी प्रसूती, खाली टाके. सव्वा महिन्याचं न्हाणं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिने मोबाइलवरचा व्हिडिओ लावून व्यायाम सुरू केला. रोज तीस सिटअप आणि पन्नास उड्या. चौथ्या दिवशी, जवळजवळ थांबलेलं अंगावरून जाणं पुन्हा लालभडक सुरू झालं, कंबर धरली. सासूबाई म्हणाल्या, "सांगत होते ना! आमच्या वेळी तीन महिने जिना उतरू देत नव्हते." घरात अबोला. आम्ही बाळंतपणानंतरचा व्यायाम शिकवतो, म्हणून ती आमच्याकडे आली ती रडतच: "मी आळशी नाहीये, पण शरीर माझं राहिलंच नाही."

कुणाचं चुकलं ते ठरवत बसण्यात अर्थ नव्हता. सव्वा महिन्याच्या विश्रांतीला आधार आहे. वार सुटते तिथे गर्भाशयाच्या आत मोठी जखम राहते, ती भरायला साधारण सहा आठवडे लागतात. जास्त दगदग झाली की थांबत आलेला स्राव पुन्हा लाल होतो, म्हणजे शरीर 'थांब' म्हणतं. पण तीन महिने अंथरुणावर पडून राहणंही बरं नाही. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो आणि हालचाल बंद केली की तो आणखी वाढतो. काकूंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग पायात गोळे येतात ते हेच का?" नेहमी नाही. पण एकाच पोटरीला सूज, दुखणं, हाताला गरम लागणं किंवा अचानक धाप लागणं असेल, तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. तासाभरात पॅड भिजण्याइतकं रक्त, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू आला तरीही तेच.

कुठलीही हालचाल शिकवण्याआधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. टाके, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. टाके भरले होते, रक्तदाब ठीक होता, हिमोग्लोबिन मात्र ९.२. जिना चढताना छातीत धडधड व्हायची ती आळसामुळे नव्हे. लोहाच्या गोळ्या दवाखान्यातून मिळाल्या होत्या, पण पोट गच्च होतं म्हणून डब्यात तशाच पडून होत्या. बाळंतपणानंतर या गोळ्या १८० दिवस, रोज एक, घ्यायच्या असतात. चहा किंवा दुधाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबाबरोबर चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत नको, मध्ये निदान दोन तास जाऊ द्यायचे.

मग पोट पाहिलं. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, बोटं बेंबीवर आडवी ठेवायची, आणि श्वास सोडत फक्त डोकं उचलायचं. डोकं उचलताच तिच्या बेंबीच्या वर उभा फुगवटा आला, उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. मध्ये तीन बोटं सहज मावली आणि खाली मऊच लागलं. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात, मधला पडदा ताणला जातो. दोन बोटांपर्यंतचं अंतर फारसं काळजीचं नसतं. आणि नुसती रुंदी पाहून भागत नाही. डोकं उचलल्यावर बोटांखाली पडदा ताठ लागतो की बोटं आत बुडतात, हे जास्त सांगून जातं. अशा पोटाने सिटअप केले की आतला दाब मधल्या सैल जागेतून पुढे येतो आणि उरलेला खाली, ओटीपोटाच्या तळाला बसतो. तिची कंबर आणि तिचा ओला कपडा, दोन्हींची सुरुवात इथेच होती.

ओल्या कपड्याबद्दल ती स्वतःहून बोलली नाही. "शिंकताना, हसताना, बाळ उचलताना लघवीचे थेंब जातात का?" असं सरळ विचारल्यावर मान खाली गेली. जाऊबाईंना दोन मुलं झाल्यापासून हाच त्रास, त्या म्हणाल्या होत्या, बाईच्या जातीला हे चालायचंच. हे वाक्य आम्हाला फार अस्वस्थ करतं. त्रास पुष्कळजणींना होतो हे खरं. पण तो सोसायलाच हवा हे खरं नाही. तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकून निदान तीन महिने नेटाने केला तर बहुतेकींना फरक पडतो. इथे 'नीट' हा शब्द महत्त्वाचा.

वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आवळायचं आणि आत वर ओढायचं. मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. सुरुवातीला ३ सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, असं ८ ते १० वेळा. मग १० वेळा झटपट आवळ-सोड. दिवसातून तीनदा. जमेल तसं धरायचा वेळ १० सेकंदांपर्यंत वाढवायचा. सोडणंही आवळण्याइतकंच गरजेचं, नाहीतर स्नायू आखडून दुखायला लागतात. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली जोर करणं. आरशात पाहिलं तर कळतं: जागा आत गेली तर बरोबर, बाहेर फुगली तर उलटं चाललंय. तिचं उलटंच चालत होतं. गेले आठ दिवस ती कुंथत होती आणि त्यालाच व्यायाम समजत होती. फिजिओथेरपिस्टने दोन वेळा समोर बसून करून घेतलं तेव्हा हाताला बसलं.

वेळ कुठून काढायचा? बाळाला पाजताना एकदा, रात्री दिवा मालवल्यावर एकदा, दुपारच्या पाजण्याच्या वेळी एकदा. वेगळा अर्धा तास मागितला तर तो बाळंतिणीला मिळत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. तिला बाळ उचलायला सांगितलं. तिने दोन्ही हात बाळाखाली घातले, श्वास कोंडला आणि एका झटक्यात उठली. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच होत असणार. तिला बदलायला सांगितलं ते इतकंच: बाळ छातीशी घ्या, तळ वर ओढा, श्वास सोडा, आणि सोडतानाच उठा. अंथरुणातून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा. शौचाला पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, कुंथू नका. रोज कुंथणाऱ्या बाईचा तळ नुसत्या व्यायामाने सुधारत नाही.

पोटाला बांधायच्या पट्ट्यावरून सासू-सुनेत वाद होता. सुरुवातीच्या आठवड्यांत बेताचा, थोडे तास बांधलेला पट्टा कमरेला आधार देतो, म्हणून बरं वाटतं. पण श्वास अडेल इतका आवळला की दाब खालीच जातो. पोट त्याने आत जात नाही, स्नायूंना कामाला लावावं लागतं. काकूंनी पट्टा दोन बोटं सैल केला आणि विषय संपला.

आठव्या आठवड्यापासून चालणं सुरू झालं. पाऊस होता, फुटपाथ निसरडे, म्हणून आधी घराच्या गच्चीवर १० मिनिटं, दिवसातून दोनदा. मग उघडीप मिळेल तेव्हा कमाटीबागेत. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ, चालता चालता बोलता येईल इतकाच वेग. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतरही सांगते, पण तिथपर्यंत हळूहळू पोचायचं असतं. घरात पाठीवर झोपून टाच सरकवणं, कुल्ले उचलून पूल करणं, भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, प्रत्येकी ८ ते १० वेळा, जोर लावताना श्वास सोडत. पोटावर होडी दिसली की तो व्यायाम त्या दिवशी बंद.

दुधाची भीती लवकर गेली. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही, त्याची चव बिघडून बाळ तोंड फिरवतं असंही होत नाही. पाजून झाल्यावर, घट्ट आधाराची ब्रा घालून व्यायाम केला की छातीही दुखत नाही. दूध कमी पडतं ते जेवण कमी केल्याने. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि तिने पोट आत जावं म्हणून रात्रीची भाकरी सोडली होती. डिंकाचा लाडू चालू राहिला, भाकरी परत आली.

'शरीर माझं राहिलंच नाही' हे तिचं वाक्य आम्ही सोडून दिलं नव्हतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतं का, बाळ झोपलं तरी झोप येत नाही का, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारलं. तिच्या बाबतीत थकवा आणि अपुरी झोप होती, नैराश्य नव्हतं. असेल तर व्यायामाने त्याला हातभार लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांकडे जावं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

उड्या बाराव्या आठवड्यापर्यंत बंदच ठेवल्या. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, तळाच्या पेशी नाजूक राहतात, सांधेही काही महिने सैल असतात. गरबा म्हणजे अनवाणी, कडक जमिनीवर, गिरक्या घेत, वजनदार चणियाचोळी घालून तासभर उड्या. धावण्यापेक्षा तो सोपा धरू नये. म्हणून उड्यांआधी पाहिलं: ३० मिनिटं भरभर चालणं, एका पायावर १० सेकंद, टाचा उचलून एका पायावर २० वेळा, जागच्या जागी १ मिनिट हलकं धावणं, प्रत्येक पायावर १० लंगड्या उड्या. गळती नाही, खाली जडपणा नाही, दुखणं नाही, तर पुढे. टाचांचा प्रकार डाव्या पायाला बाराच वेळा जमला. दोन आठवडे तेवढंच घोटलं. मग 'दोन टाळी' हा गरब्याचा प्रकार, उडी न मारता, ५ मिनिटं.

सतराव्या आठवड्यात, ऐन गणपतीत, गाडी घसरली. गौरींचा स्वयंपाक, दोन रात्रींची जागरणं, पोट साफ नाही, आणि त्यातच मैत्रिणींबरोबर गरब्याच्या क्लासला सलग एक तास. संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटायला लागलं. ती घाबरली, आणि घाबरून लगेच आली हे फार चांगलं केलं. डॉक्टरांनी तपासलं, अंग, म्हणजे गर्भाशय, खाली आलेलं नव्हतं. स्नायू थकले होते. चार दिवस फक्त श्वास, तळ आणि चालणं, दुपारी अर्धा तास आडवं पडणं. मग पुन्हा १० मिनिटांपासून. तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली: आजचा व्यायाम झेपला की नाही ते उद्या सकाळी पाहायचं. जडपणा, गळती किंवा लाल स्राव असेल तर एक पायरी मागे. नसेल तर ५ मिनिटं पुढे. आणि दोन रात्री झोप झाली नसेल तर वाढ नाहीच.

सिझेरियन झालेल्यांनी हेच पण सावकाश करायचं. पोटाचे थर आतून भरायला बाहेरच्या जखमेहून जास्त वेळ लागतो. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, पाण्याची बादलीही नाही. तळाचे व्यायाम त्यांनाही लागतात, नऊ महिन्यांचं वजन त्याच तळाने पेललेलं असतं.

नवरात्रात बाळ एकवीस आठवड्यांचं झालं होतं. ती एक दिवसाआड गेली. हलकी सुती चणियाचोळी, आधी पाजून, १५ मिनिटं खेळणं, तेवढंच बसणं, पुन्हा १५ मिनिटं. दोन टाळी, तीन टाळी खेळली, वेगाचा शेवटचा भाग बसून पाहिला. मैदानाच्या स्पीकरसमोर बाळाला न्यायचं नाही हे काकूंनीच ठरवलं होतं. काढून ठेवलेलं दूध बडोद्याच्या ऑक्टोबरात बाहेर ठेवू नये म्हणून फ्रिजमध्ये, आणि वाटी-चमचा हातात घेऊन त्या घरी.

नंतर आली तेव्हा बेंबीपाशी दोन बोटंही मावत नव्हती, हिमोग्लोबिन ११.४. जोराची शिंक आली तर अजून एखादा थेंब जातो, असं यावेळी तिने न विचारता सांगितलं. शिंकेच्या आधी क्षणभर तळ आवळून धरायचा सराव तिला दिला आहे. डिसेंबरात पुन्हा तपासायचं ठरलं आहे. त्या दिवशी ती जाऊबाईंनाही सोबत घेऊन येणार आहे.